रुंद मॅगव्हील बसवल्यावर टायर पुन्हा पुन्हा का घासतो : मोजमाप, कारण आणि उपाय

छोट्या गाडीला मूळ चाकांपेक्षा रुंद मॅगव्हील, म्हणजे मिश्रधातूची (अलॉय) चाके, बसवल्यानंतर काही दिवसांतच दोन तक्रारी हमखास सुरू होतात. पहिली म्हणजे स्टिअरिंग पूर्ण मारल्यावर किंवा गाडी भरलेली असताना गतिरोधकावरून जाताना टायर कुठेतरी घासल्याचा आवाज येतो. दुसरी म्हणजे ताशी ८० ते १०० किलोमीटरच्या दरम्यान स्टिअरिंग थरथरू लागते. दोन्ही तक्रारींवर दुकानात काहीतरी केले जाते, आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि आवाज पुन्हा येतो, थरथर पुन्हा येते. माझ्या स्विफ्टच्या बाबतीत हे चार वेळा घडले. चौथ्या खेपेनंतर मी दुकानात जाणे थांबवले आणि पट्टी, दोरा व खडू घेऊन स्वतः मोजायला बसलो, तेव्हा लक्षात आले की आतापर्यंतचे सगळे उपाय गाडीच्या पत्र्यावर झाले होते आणि दोष चाकाच्या आकड्यांत होता.

स्विफ्टच्या खालच्या व्हेरिएंटना कंपनीकडून १६५/८० आर१४ टायर आणि लोखंडी चाके येतात. यात १६५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी, ८० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के तो आकडा, आणि १४ हा रिमचा इंचांतला व्यास. मी त्यांच्या जागी पंधरा इंची, सात इंच रुंदीची, म्हणजे ७जे मॅगव्हील आणि त्यांवर २०५/६० आर१५ टायर बसवून घेतले. दुकानदाराने एक चाक चढवून दाखवले, ते आत कुठेही लागत नव्हते आणि मडगार्डच्या कडेशी अगदी बरोबरीत दिसत होते, म्हणून मी होकार दिला. पहिल्याच महिन्यात कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात गाडीत आम्ही पाच जण होतो. प्रत्येक तीव्र वळणावर पुढून आणि प्रत्येक खड्ड्यावर मागून खरखर ऐकू येत होती. खाली उतरून पाहिले तेव्हा मागच्या टायरच्या खांद्यावर धारदार वस्तूने तासल्यासारखी चकचकीत रेघ उमटलेली होती. टायरच्या बाजूच्या भिंतीचे रबर पातळ असते. तिथे खोल कापले गेले तर त्याची दुरुस्ती होत नाही, त्यामुळे हा आवाज अंगवळणी पाडून घेण्यासारखा नाही.

दुकानात पहिल्या खेपेला पुढच्या चाकामागचा प्लॅस्टिकचा लायनर, म्हणजे मडगार्डच्या आतले अस्तर, थोडा कापला गेला. दुसऱ्या खेपेला मागच्या मडगार्डची आतली कड गरम करून वर वळवली गेली. तिसऱ्या खेपेला मागच्या स्प्रिंगमध्ये रबरी बफर घालून गाडी उचलली गेली, आणि चौथ्या खेपेला अलाइनमेंट करून दिले गेले. या चारही गोष्टींनी मूळ कारणाला हात लागला नाही, पण प्रत्येकीची किंमत मात्र मोजावी लागली. वळवलेल्या कडेवरचा रंग केसाएवढा तडकला आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर तिथे गंज धरला. बफरमुळे स्प्रिंगचे काही वेढे हालचालीतून बाद झाले, मागची बाजू दणके देऊ लागली, आणि गाडी पूर्ण भरल्यावर ती तशीही खाली बसतच होती. अलाइनमेंटबद्दल एवढेच सांगतो की स्विफ्टच्या पुढच्या चाकांचा टो, म्हणजे वरून पाहिल्यास चाके आत-बाहेर किती वळलेली आहेत तो कोन, जुळवता येतो, पण टो जुळवून चाक मडगार्डच्या आत सरकत नाही.

आधी नेमके कुठे घासते ते शोधा

आवाजावरून जागा ओळखता येत नाही, कारण तो पत्र्यातून फिरत येतो. त्यासाठी साधा पांढरा खडू पुरतो. चार ठिकाणी जाड पट्टे ओढावेत : पुढच्या चाकासमोर बंपरला जोडलेल्या लायनरच्या कोपऱ्यावर, पुढच्या चाकामागे दाराखालच्या पायदानाच्या बाजूच्या लायनरवर, मडगार्डच्या आतल्या कडेवर आणि शॉकअ‍ॅबच्या स्प्रिंगला खालून आधार देणाऱ्या वाटीवर. मग गाडीत नेहमीची माणसे बसवून, दोन्ही बाजूंना स्टिअरिंग पूर्ण मारत, एखाद्या गतिरोधकावरून तिरकी गाडी नेत दोन-तीन किलोमीटर फिरून यावे आणि कुठला पट्टा पुसला गेला ते टॉर्च लावून पाहावे.

पट्टा कुठे पुसला यावरून कारण बरेचसे कळते. शॉकअ‍ॅबजवळचा पुसला असेल तर चाक आत जास्त गेले आहे. मडगार्डच्या कडेचा पुसला असेल तर चाक बाहेर जास्त आले आहे. पुढचे दोन लायनर फक्त स्टिअरिंग पूर्ण मारल्यावर लागत असतील तर टायरचा व्यास वाढला आहे, किंवा चाकाचा मध्य बाहेर सरकल्यामुळे टायर जागच्या जागी न वळता मोठ्या कंसातून फिरतो आहे. बहुतेक वेळा ही दोन्ही कारणे एकत्र असतात, आणि माझ्या गाडीत तसेच निघाले. पुढे दोन्ही लायनर, मागे मडगार्डची कड पुसली गेली होती आणि आतली वाटी मात्र चारही चाकांना कोरी होती. इथेच मला पहिल्यांदा शंका आली, कारण आत जागा शिल्लक आणि बाहेर जागा कमी याचा अर्थ चाकाची रुंदी हा एकटा गुन्हेगार नव्हता, ती रुंदी कुठल्या बाजूला वाटली गेली हाही प्रश्न होता.

किती मिलिमीटर कमी पडतात हे मोजायला गवंड्याचा ओळंबा वापरावा. मी दोऱ्याला एक जड नट बांधला आणि दोरा मडगार्डच्या सर्वांत बाहेरच्या कडेवरून, चाकाच्या बरोबर मध्यावर सोडला. जुने लोखंडी चाक लावून पाहिले तेव्हा टायरची सर्वांत फुगीर जागा दोऱ्याच्या २२ मिमी आत होती. नवे चाक लावले तेव्हा टायर दोऱ्याला बाहेर ढकलत होता, आणि तो किती, तर एक सेंटिमीटरहून थोडा अधिक. नजरेला जे मडगार्डच्या बरोबरीत दिसत होते ते दोऱ्याने बाहेर असल्याचे दाखवले. आतल्या बाजूला, जिथे पट्टी जात नाही, तिथे मळलेल्या कणकेची सुपारीएवढी गोळी वाटीवर चिकटवून चाक चढवावे, एक फेरा फिरवावा, चाक उतरवावे आणि चपटी झालेली गोळी सुरीने कापून तिची जाडी मोजावी. जुन्या चाकाला ही जाडी १९ मिमी भरली होती.

ऑफसेट म्हणजे काय आणि सगळा घोळ तिथेच कसा होतो

चाकाची रुंदी मधोमध कापणारी एक कल्पित रेषा घ्या. चाक ज्या सपाट पृष्ठभागाने हबला, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर ते नटांनी आवळले जाते त्याला, टेकते तो पृष्ठभाग या रेषेपासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे, तो आकडा म्हणजे ऑफसेट. तो चाकाच्या मागे ‘ईटी’ या अक्षरांपुढे कोरलेला असतो. आकडा मोठा असेल तर चाक गाडीच्या आत जाते, लहान असेल तर बाहेर येते. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या आजच्या छोट्या गाड्यांत हा आकडा बहुधा ३५ ते ५० च्या दरम्यान असतो.

कोरलेला आकडा गंजामुळे वाचता येत नसेल तर तो मोजून काढता येतो. टायर उतरवलेले चाक दर्शनी बाजू खाली करून गादीवर ठेवावे, मागच्या दोन्ही कडांवर एक सरळ पट्टी आडवी टाकावी आणि तिथून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतची खोली मोजावी. त्या खोलीतून चाकाच्या एकूण रुंदीचा निम्मा भाग वजा केला की ऑफसेट मिळतो. इथे एक चूक फार वेळा होते. ७जे मधले सात इंच हे टायर जिथे बसतो त्या आतल्या दोन कडांमधले अंतर असते, आणि मॅगव्हीलची बाहेरून मोजलेली एकूण रुंदी त्याहून साधारण एक इंच जास्त भरते. म्हणून वजाबाकी करताना बाहेरून मोजलेली रुंदीच घ्यायची. माझ्या मॅगव्हीलची एकूण रुंदी २०३ मिमी आणि खोली १३६.५ मिमी भरली, म्हणजे ऑफसेट ३५. जुन्या लोखंडी चाकाचा ऑफसेट याच पद्धतीने ४५ च्या आसपास आला.

आता हिशेब मांडतो. टायर १६५ चा २०५ झाला, म्हणजे ४० मिमी वाढ झाली. ऑफसेट तोच राहिला असता तर ही वाढ दोन्ही बाजूंना २०-२० मिमी अशी वाटली गेली असती. ऑफसेट १० ने कमी झाल्यामुळे सगळे चाकच १० मिमी बाहेर सरकले, तेव्हा आतल्या बाजूला वाढ झाली फक्त १० मिमी आणि बाहेरच्या बाजूला ३० मिमी. बाहेर जागा होती २२ मिमी. त्यातून ३० वजा केले की टायर ८ मिमी बाहेर यायला हवा होता, पण दोऱ्याने त्याहून जास्त दाखवले. याचे कारण असे की टायरवर छापलेली रुंदी एका ठरावीक रुंदीच्या रिमवर मोजलेली असते आणि रिम अर्धा इंच रुंद झाली की टायर साधारण ५ मिमी आणखी पसरतो. २०५ चा टायर ७जे रिमवर २०५ मिमी राहत नाही, माझा २१५ च्या वर भरला.

दुकानदाराने ३५ चा ऑफसेट का निवडला असावा हेही या हिशेबावरून समजते. एकच चाक अनेक गाड्यांना विकायचे असेल तर ऑफसेट कमी ठेवणे सोयीचे पडते, कारण त्यामुळे ते आतल्या शॉकअ‍ॅबला किंवा ब्रेकच्या कॅलिपरला लागत नाही आणि दुकानात चढवून दाखवताना काहीच अडचण येत नाही. रिकामी गाडी, सरळ चाके आणि सपाट फरशी अशा स्थितीत बाहेरची बाजू कधीच घासत नाही. ती घासते गाडी भरल्यावर, आणि तोवर पैसे चुकते झालेले असतात. यात लबाडीच असते असे मला वाटत नाही. चाक आत लागत नाही म्हणजे बसले, हा या धंद्यातला फार जुना समज आहे आणि ग्राहक आकडा विचारत नाही तोवर तो टिकून राहील.

चाकाचा मध्य बाहेर सरकल्याचा आणखी एक परिणाम मला फार उशिरा कळला. जुन्या सिमेंटच्या रस्त्यावर किंवा ट्रकच्या चाकोऱ्या पडलेल्या डांबरी रस्त्यावर गाडी स्वतःहून डावी-उजवी ओढू लागली होती आणि हात सैल सोडता येत नव्हता. स्टिअरिंग ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष जमिनीला जिथे टेकतो आणि टायरचा मध्य जिथे टेकतो, त्या दोन बिंदूंमधले अंतर गाडी बनवताना ठरवलेले असते. ऑफसेट बदलला की ते बदलते, आणि टायर रुंद असला की रस्त्यावरचा प्रत्येक उंचवटा त्याला जास्त जोराने वळवतो. हबच्या बेअरिंगवरही चाक बाहेर सरकल्यामुळे जास्त तिरका भार येतो. हे सगळे मी अलाइनमेंटच्या खात्यावर टाकत होतो.

व्यास

रुंदीइतका व्यासाकडे लक्ष देण्याचा त्रास बहुतेक जण घेत नाहीत, वास्तविक हा हिशेब सगळ्यांत सोपा आहे. टायरच्या रुंदीला टक्केवारीने गुणले की बाजूच्या भिंतीची उंची मिळते, ती दुप्पट करून त्यात रिमचा व्यास मिळवायचा. एक इंच म्हणजे २५.४ मिमी. १६५/८० आर१४ चा व्यास अशा रीतीने ६१९.६ मिमी येतो. २०५/६० आर१५ चा येतो ६२७ मिमी. १९५/६५ आर१५, जो अनेक ठिकाणी सहज उपलब्ध असल्यामुळे गळ्यात मारला जातो, त्याचा येतो ६३४.५ मिमी, म्हणजे मूळ व्यासापेक्षा २.४ टक्के जास्त. हा टायर लावला तर लायनरपासूनचे अंतर चोहोबाजूंनी साडेसात मिमी कमी होते आणि वेगदर्शक काटा प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवण्याकडे झुकतो. व्यासातला फरक दोन टक्क्यांच्या आत राखावा, आणि वाढण्यापेक्षा किंचित घटलेला बरा.

थरथर : बॅलन्सिंग चार वेळा करूनही का जात नाही

घासण्याचे कारण सापडले तरी ताशी ९० च्या आसपास येणारी थरथर वेगळीच होती आणि तिने मला जास्त छळले. आधी थरथर कुठे जाणवते ते पाहावे. स्टिअरिंगमध्ये जाणवत असेल तर पुढची चाके, सीटमधून जाणवत असेल तर मागची. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर डिस्क तपासावी, फक्त वेग घेताना येत असेल तर ॲक्सल शाफ्ट. पुढची चाके मागे आणि मागची पुढे करून पाहिली आणि थरथर जागा बदलून गेली, तर दोष चाकात आहे हे नक्की होते. माझ्याकडे ती चारही चाकांत होती. चाके अदलाबदल केली की थरथर थोडी कमी-जास्त व्हायची, पण जायची नाही.

प्रत्येक वेळी बॅलन्सिंगच्या मशीनवर आकडा शून्य दाखवला जात होता आणि मशीन खोटे बोलत नव्हते. मशीन चाकाला मधल्या भोकात शंकू घालून पकडते, म्हणून मशीनवर चाक अगदी केंद्रात बसते. गाडीवर ते तसे बसते का, हा खरा प्रश्न आहे. माझ्या स्विफ्टच्या हबची मधली गोल बोंडी ५४.१ मिमी व्यासाची आहे आणि लोखंडी चाकाचे भोक नेमके तेवढेच, त्यामुळे चाक बोंडीवर घट्ट बसून आपोआप केंद्रात येते. बाहेरच्या मॅगव्हीलचे मधले भोक मात्र सगळ्या गाड्यांना चालावे म्हणून मोठे ठेवलेले असते, बहुधा ७३.१ मिमी. म्हणजे बोंडीच्या भोवती सगळीकडून साडेनऊ मिमीची पोकळी राहते आणि चाक केवळ चार नटांच्या भरवशावर केंद्र शोधते. गाडी जमिनीवर टेकलेली असताना नट आवळायच्या हवेच्या बंदुकीने पहिलाच नट पूर्ण आवळला, तर चाक अर्धा मिमी का होईना एका बाजूला बसते आणि तिथेच राहते. मशीनवर शून्य असलेले चाक मग रस्त्यावर थरथरते.

यावरचा उपाय स्वस्त आहे. बाहेरचा व्यास ७३.१ आणि आतला ५४.१ अशी चार केंद्र-कडी, ज्यांना दुकानात हब रिंग म्हणतात, घेऊन ती चाकाच्या भोकात मागून बसवायची. प्लॅस्टिकची आणि ॲल्युमिनिअमची अशी दोन्ही मिळतात. प्लॅस्टिकची कडी हबवर गंजून चिकटत नाही, म्हणून समुद्रकाठच्या हवेत मी तिला पसंती देईन. कडी बसवण्याआधी हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने चकचकीत करावा. जुन्या लोखंडी चाकाच्या कडेने तिथे गंजाचे गोल वलय उमटलेले असते, आणि नवे चाक त्या वलयावर तिरके टेकते. माझ्या डाव्या पुढच्या हबवर ते नखाला स्पष्ट लागत होते. ते घासून काढले, कडी घातली, चाक हवेत असताना नट हाताने फिरवून टेकवले, मग समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळले आणि जॅक उतरवल्यावर शेवटचा आवळा टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, दिला. बॅलन्सिंग पुन्हा केले नाही, तरीही थरथर गेली.

कडी घातल्यावरही थरथर उरली, तर पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, तपासावी. मॅगव्हीलच्या नटांच्या भोकांचे वर्तुळ १०० मिमीचे हवे असताना ९८ चे असेल, तरी चाक जोर लावून चढते. ९८ पीसीडीच्या गाडीचे चाक १०० वाल्या हबवर चढवलेले मी पाहिले आहे. नट तिरके बसतात, कितीही आवळले तरी सैल होतात, आणि हा प्रकार जिवावर बेतणारा आहे. दोन वेगवेगळ्या पीसीडींसाठी आठ भोके पाडलेले चाक असेल, तर कुठली चार भोके आपली ते रंगाने खूण करून ठेवावे. फिरताना ठरावीक अंतराने बारीक ‘टक टक’ येत असेल, तर रिमच्या आत चिकटवलेली वजने ब्रेकच्या कॅलिपरला लागत आहेत का ते पाहावे. तिथे वजने बाहेरच्या ओळीत सरकवली की काम होते.

नट, स्पेसर आणि इतर जुगाड

नटाच्या टोकाचा आकार चाकातल्या खोबणीशी जुळलाच पाहिजे. बाहेरची बहुतेक मॅगव्हील ६० अंशांच्या शंकूसाठी बनवलेली असतात. होंडाचे कंपनीचे नट गोलाकार टोकाचे असतात, ते या शंकूत फक्त एका वर्तुळाकार रेषेवर टेकतात आणि हळूहळू सैल होतात. मारुतीच्या बहुतेक गाड्यांत आटे १२ मिमी जाडीचे आणि १.२५ मिमी अंतराचे असतात, होंडा व ह्युंदाईमध्ये १.५ मिमी अंतराचे. दुसऱ्याच गाडीचे नट पहिल्या दोन-तीन फेऱ्यांपर्यंत जातात, नंतर जोर लावला की हबवरच्या स्टडचे (नट ज्यावर फिरतो त्या दांडीचे) आटे कायमचे बिघडतात. नट हाताने किती पूर्ण फेरे आत जातो ते मोजावे. स्टडच्या जाडीएवढी लांबी आट्यांत गुंतली पाहिजे, म्हणजे १.२५ च्या आट्यांना साधारण दहा फेरे आणि १.५ च्या आट्यांना आठ. मॅगव्हीलचा टेकणारा भाग लोखंडी चाकापेक्षा जाड असतो, त्यामुळे हे फेरे आधीच कमी झालेले असतात. त्यावर पाच मिमीचा स्पेसर, म्हणजे हब आणि चाक यांच्यामधली चकती, घातला की आणखी चार फेरे जातात. आत लागते म्हणून स्पेसर घाला, असा सल्ला मिळाला तर मी आपल्याला तो नाकारायलाच सांगेन.

रिम तीच ठेवून टायर अरुंद करू, असाही एक सल्ला मला मिळाला. त्यात रिम वाया जात नाही म्हणून तो मोहक वाटतो. मात्र प्रत्येक टायरला कुठल्या रुंदीच्या रिम चालतात हे टायर कंपन्यांच्या तक्त्यात दिलेले असते. १८५/६५ आर१५ ला ५ ते ६.५ इंच आणि १९५/६० आर१५ ला ५.५ ते ७ इंच. ७जे वर १८५ चा टायर ताणून बसवला तर त्याच्या बाजूच्या भिंती तिरप्या होतात, रिमची कड उघडी पडते आणि आपल्याकडच्या खड्ड्यात पहिला घाव थेट रिमवर बसतो. त्यातून हवा गळू लागते, आणि पंक्चरवाल्याकडे पाण्यात बुडवले की बुडबुडे टायरमधून न येता रिमच्या कडेने येताना दिसतात.

भार-निर्देशांकही पाहावा. मूळ १६५/८० आर१४ वर ८५ हा आकडा असतो, म्हणजे एका टायरची क्षमता ५१५ किलो. नव्या टायरवरचा आकडा त्यापेक्षा कमी नसावा. १८५/६५ आर१५ वर सहसा ८८ असतो, म्हणजे ५६० किलो. रिमवर भारतीय मानक ब्यूरोची खूण आहे का तेही पाहून घ्यावे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी आणि निर्मात्याच्या मूळ रचनेशी विसंगत बदलांना मनाई करते, तेव्हा मडगार्डबाहेर डोकावणारी चाके तपासणीत अडचणीची ठरू शकतात. विमा कंपनीला बदल लेखी कळवून ठेवणे शहाणपणाचे, कारण दाव्याच्या वेळी तो न कळवलेला बदल म्हणून पुढे येतो.

मी शेवटी काय केले

आपल्या गाडीला काय बसते याचे सगळ्यात विश्वासार्ह उत्तर त्याच गाडीच्या वरच्या व्हेरिएंटकडे असते. स्विफ्टच्या वरच्या व्हेरिएंटना कंपनी १८५/६५ आर१५ देते. त्याचा व्यास ६२१.५ मिमी, म्हणजे माझ्या मूळ टायरपेक्षा दोन मिमीनेही मोठा नाही. मी ७जे चा संच विकला, त्यात तोटा सोसला, आणि ६जे रुंदीची, ४५ ऑफसेटची चाके शोधली. ती मिळायला दीड महिना लागला, कारण बहुतेक दुकानांत विचारले की आधी डिझाइन दाखवले जाते आणि ऑफसेटचा प्रश्न पुन्हा विचारावा लागतो. मी जुन्या चाकाचे सगळे आकडे एका कागदावर लिहून नेत असे : पीसीडी १००, भोके चार, हब ५४.१, ऑफसेट ४५, आणि आतली-बाहेरची मोकळी जागा १९ व २२ मिमी. हा कागद पुढे केल्यावर बोलणे लवकर मुद्द्यावर येते.

हिशेब असा होता : टायर २० मिमी रुंद, ऑफसेट तोच, म्हणून आत १० आणि बाहेर १०, शिवाय रुंद रिममुळे टायर किंचित पसरेल तो एका बाजूला दोन-अडीच मिमी. आत ६ ते ७ मिमी उरतात, बाहेर साधारण ९ ते १०. आतली जागा मला थोडी कमी वाटत होती, म्हणून पैसे देण्याआधी एक चाक चढवून कणकेची गोळी पुन्हा लावली आणि ती साडेसहा मिमी भरली. तिथला भाग चाकाबरोबरच वळतो, त्यामुळे स्टिअरिंग मारल्याने हे अंतर बदलत नाही, आणि तेवढे पुरे आहे.

स्प्रिंगमधले रबरी बफर काढून टाकले. कापलेला लायनर नवा बसवला, कारण तिथून उडणारा चिखल आतल्या वायरिंगवर जात होता. मागच्या मडगार्डची वळवलेली कड पूर्ववत होत नाही. गंज घासून, प्रायमर आणि रंग देऊन ती बंद केली, आणि प्रत्येक पावसाळ्यानंतर मी तिथे बोट फिरवून पाहतो.

नवे चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर चालवून नट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासावेत. टॉर्क गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि छोट्या गाड्यांत तो साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर असतो. माझ्या संचात दोन नट पाव फेऱ्याने फिरले. खडूचे पट्टे मी त्याच चार जागी पुन्हा ओढले होते, आणि पाच माणसे व भरलेली डिक्की घेऊन कुंभार्ली घाट उतरल्यावर चिपळूणला थांबून पाहिले तेव्हा चारही पट्टे धुळीने माखलेले पण अखंड होते. स्टेपनी अजून जुनीच लोखंडी आहे. तिच्यासाठी मूळ चार नट कापडी पिशवीत घालून डिक्कीत पान्याशेजारी बांधून ठेवले आहेत, कारण मॅगव्हीलचे लांब नट लोखंडी चाकाला टेकण्याआधीच तळाशी अडकतात आणि अंधारात, रस्त्याच्या कडेला हे लक्षात येत नाही.